मोघम तक्रार आणि मोजता येणारी तक्रार : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रदूषण आणि पर्यावरणरक्षण यांच्याशी संबंधित शब्दांविषयी आहेत. कुणाला सरकारी नोटिशीतला शब्द उमगलेला नाही, कुणाची तक्रार शब्दामुळे अडून राहिली आहे, तर कुणाला वर्गात मुलांना काय सांगावे हा प्रश्न पडला आहे. कोशातले अर्थ कोशात सापडतातच. म्हणून हे शब्द कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि न्यायालयात कोणते काम करतात, हे सांगण्यावर पुढील उत्तरांत भर दिला आहे.

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात पंचगंगेच्या काठी आहे. उन्हाळ्यात बंधाऱ्यापाशी मासे मरून वर आले. ‘मळीमिश्रित घाण पाणी सोडल्यामुळे नदी प्रदूषित झाली आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी’ असा अर्ज ग्रामस्थांनी दिला. ‘नमुना तपासला असता सामू मर्यादेत आढळला’ एवढ्या उत्तरावर आमची बोळवण झाली. आमच्या अर्जात काय कमी होते? आणि बीओडी म्हणजे नेमके काय?

उत्तर : आपल्या अर्जात खोटे काहीच नाही, तो मोघम आहे, आणि मोघम अर्जाला मोघम उत्तर देऊन मोकळे होणे कोणत्याही कार्यालयाला सोपे जाते. सामू म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक. मासे गुदमरून मरत असतानाही हा अंक सर्वसाधारण मर्यादेत असू शकतो. त्यामुळे आपल्याला मिळालेले उत्तर खरे असूनही आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही.

आधी ‘मळी’ या शब्दाकडे पाहू. साखर कारखान्याच्या परिसरात हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो. साखर काढून घेतल्यानंतर उरणारा काळसर, दाट, गोड द्रव म्हणजे मळी. रस गाळताना मागे राहणारा आणि शेतकरी शेतात खत म्हणून टाकतात तो गाळ, ज्याला प्रेसमड म्हणतात, तोही मळी. आणि मळीपासून मद्यार्क काढल्यानंतर आसवनीतून बाहेर पडणारे तपकिरी, उग्र वासाचे पाणी, म्हणजे स्पेंटवॉश, त्यालाही लोक मळीच म्हणतात. तिन्हींचा उगम वेगळा, विल्हेवाटीचे नियम वेगळे आणि जबाबदारही वेगळा असू शकतो. अर्जात नुसते ‘मळी’ लिहिले, की साखर कारखाना आसवनीकडे आणि आसवनी कारखान्याकडे बोट दाखवायला मोकळी होते. आपल्याला उगम ठाऊक नसेल तर तो ठाऊक असल्यासारखे लिहू नये. पाण्याचा रंग, वास, फेस आणि ते कोणत्या ओढ्यातून किंवा नाल्यातून नदीत मिसळताना दिसले, हे लिहावे.

‘सांडपाणी’ या शब्दाचेही तसेच आहे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ हा घरगुती मैलापाणी आणि उद्योगातून बाहेर पडणारे पाणी यांत भेद करतो. मैलापाण्याची जबाबदारी बहुधा नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असते, तर औद्योगिक सांडपाण्याची त्या त्या उद्योगाची असते. ‘विसर्ग’ हा शब्द मात्र टाळावा, कारण आपल्याकडे तो धरणातून सोडलेल्या पाण्यासाठी रूढ झाला आहे आणि अर्ज पाटबंधारे खात्याकडे वळवला जाण्याची शक्यता वाढते.

आता बीओडी. पाण्यातील जिवाणू साखर, स्टार्च, मैला यांसारखे सेंद्रिय पदार्थ खाऊन त्यांचे विघटन करतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. ठरावीक काळात त्यांना असा किती प्राणवायू लागेल, त्या मागणीला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ती २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांत मोजली जाते. अंघोळीयोग्य नदीपाण्यासाठी बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी आणि विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा निकष आहे. स्पेंटवॉशची बीओडी मात्र लिटरमागे ४० हजार मिलिग्रॅमच्या घरात असू शकते. उन्हाळ्यातल्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतो तोच मुळी लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे असे एक लिटर पाणी नदीत गेले, तर पाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करण्याची क्षमता त्यात असते. बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या फळ्या, टाकून अडवलेल्या पाण्याला ओघ नसतो आणि हवेतला प्राणवायू त्यात सावकाश मिसळतो, म्हणूनच मासे बंधाऱ्यापाशी मरतात. आणि रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू वापरत असल्याने ते बहुधा पहाटे वर आलेले दिसतात.

यावरून अर्जात काय असावे ते स्पष्ट होईल. तारीख, वेळ, नदीचा काठ, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या अंगाला, बर्गे टाकलेले होते की काढलेले, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत होते का, आणि कोणत्या जातीचे मासे मेले, हे सगळे लिहावे. माशांची जात ही किरकोळ बाब नाही. मरळ हवेतून थेट श्वास घेऊ शकते. ती जिवंत असून बाकीचे मासे मेले असतील तर प्राणवायू संपल्याचा संशय बळावतो, आणि मरळही मेली असेल तर पाण्यात काही विषारी द्रव्य होते का, हा प्रश्न विचारता येतो. त्यापुढे ‘विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सीओडी आणि सामू या चारही घटकांची तपासणी करून अहवालाची प्रत मिळावी’ अशी स्पष्ट मागणी करावी. सीओडी म्हणजे पाण्यातील पदार्थांचे रसायनांनी ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या प्राणवायूची मागणी.

ग्रामस्थ कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून ठेवतात, त्याचा रंग दाखवण्यापलीकडे फारसा उपयोग होत नाही. विरघळलेला प्राणवायू तपासायचा तर काचेच्या खास बाटलीत, आत हवेचा बुडबुडाही राहू न देता पाणी भरावे लागते आणि नदीकाठीच त्यात दोन रसायने घालावी लागतात. प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो. नसेल तर तो पांढराच राहतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी नमुना घ्यायला येतील तेव्हा शेजारी उभे राहून हे पाहावे आणि साक्याचा रंग टिपून ठेवावा. न्यायालयात पुरावा म्हणून मात्र कायद्यातील पद्धतीने, उद्योगाच्या प्रतिनिधीला सूचना देऊन, मोहोरबंद केलेला नमुनाच चालतो, हे ध्यानात असू द्यावे.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. १९७४ च्या कायद्यातील प्रदूषणाची व्याख्या बरीच व्यापक आहे. पाण्याच्या भौतिक, रासायनिक किंवा जैविक गुणधर्मांत असा कोणताही बदल, ज्यामुळे उपद्रव होतो किंवा पाणी सार्वजनिक आरोग्यास, जनावरांस, पिकांस अथवा जलचरांस अपायकारक ठरते किंवा ठरण्याचा संभव आहे, तो तिच्यात येतो. तेव्हा ‘जनावरे पाण्याला तोंड लावेनात’ हे वाक्य अर्जात अवश्य असू द्या. ते भावनेचे वाक्य नाही, व्याख्येला धरून आहे.

प्रश्न : चेंबूरमध्ये हिवाळ्यात समोरची इमारत दिसत नाही, घसा खवखवतो, आणि तरीही सरकारी नोंद ‘मध्यम’ असे सांगते. त्याच वेळी मोबाइलवरचे दुसरे ॲप ‘आरोग्यास घातक’ म्हणते. खरे कोण?

उत्तर : दोघेही आपापल्या मोजपट्टीने खरे बोलत असण्याची शक्यता आहे. भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ मध्ये सुरू झाला. त्याच्या सहा श्रेणी आहेत : ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट आणि त्यापुढे गंभीर. म्हणजे १०१ हाही मध्यम आणि १९९ हाही मध्यमच. ‘मध्यम’ या शब्दाने मराठी माणसाच्या मनात ‘ठीक आहे, चालेल’ असा अर्थ उमटतो. परंतु सरकारी तक्त्यात याच श्रेणीपुढे दमा, फुप्फुसांचे आजार व हृदयविकार असलेल्यांना आणि मुलांना व वृद्धांना श्वसनाचा त्रास होऊ शकतो, असे लिहिलेले आहे. आमच्या मते हा शब्द फार सौम्य आहे. श्रेणीपेक्षा अंक वाचावा, हे त्यामुळे बरे.

अंक कसा काढतात, तेही पाहण्यासारखे आहे. पीएम १० आणि पीएम २.५ (अनुक्रमे दहा आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे हवेतले कण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे या आठ प्रदूषकांपैकी ज्यांची मोजणी उपलब्ध असेल, त्यांचा प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतला सर्वांत मोठा अंक हाच त्या ठिकाणचा निर्देशांक ठरतो. सरासरी काढली जात नाही. सात विषयांत उत्तम गुण असले तरी आठव्यात नापास झालेला विद्यार्थी प्रगतिपुस्तकात नापासच ठरावा, तसा हा हिशेब आहे. म्हणून निर्देशांकाबरोबर ‘प्रमुख प्रदूषक’ कोणता दिला आहे, ते नेहमी पाहावे. पीएम १० असेल तर बांधकाम, उखडलेले रस्ते, राडारोडा वाहून नेणारे उघडे ट्रक यांच्याकडे संशयाची सुई वळते; पीएम २.५ असेल तर जळण्याशी, म्हणजे वाहनांचा धूर, कारखाने, बेकऱ्यांच्या भट्ट्या, कचरा पेटवणे यांच्याशी संबंध अधिक असतो.

याच कारणासाठी वृत्तपत्रांनी पीएम २.५ ला सरसकट ‘धूलिकण’ म्हणणे आम्हाला पटत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले हे कण केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. त्यांतला मोठा भाग धूळ नसून काजळी असतो किंवा हवेतच वायूंपासून तयार झालेले कण असतात. ‘धूळ’ म्हटले की रस्त्यावर पाणी मारले म्हणजे काम झाले, असे वाटू लागते. ‘सूक्ष्म कण’ हा साधा शब्द पुरेसा आहे.

आता दुसऱ्या ॲपचे. अनेक खासगी ॲप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय मोजपट्टीवर निर्देशांक १०० येतो आणि हवा ‘समाधानकारक’ ठरते, कारण ६० ही आपल्याकडील २४ तासांची कमाल मर्यादा आहे. त्याच हवेला अमेरिकी मोजपट्टी १५० च्या वर नेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची पातळी तर १५ मायक्रोग्रॅम आहे. शिवाय सरकारी निर्देशांक सूक्ष्म कणांची २४ तासांची सरासरी धरतो, तर काही ॲप त्या त्या तासाचा आकडा दाखवतात. सकाळी सात वाजता दिसणारी दाट हवा त्या सरासरीत विरून जाते. तुलना करायचीच असेल, तर निर्देशांकांची न करता घनमीटरमागील मायक्रोग्रॅमची करावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर केंद्रनिहाय माहिती मिळते.

समोरची इमारत न दिसण्याला लोक ‘धुके’ म्हणतात. धुके हे पाण्याच्या बारीक थेंबांचे असते आणि ऊन चढले की विरते. दुपारी बारा वाजताही इमारत दिसत नसेल, तर ते धुके नव्हे, धुरके होय. मुंबईत हिवाळ्यात समुद्रावरून येणारे वारे मंदावतात, जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि धूर वर जाऊ शकत नाही. अर्जात ‘दुपारी बारा वाजता धुरके’ हे तीन-चार शब्द ‘प्रचंड प्रदूषण’ या शब्दांपेक्षा अधिक काम करतात.

प्रश्न : नाशिकच्या बाजारात एका विक्रेत्याने ‘ही पिशवी विघटनशील आहे, बंदीत येत नाही’ असे सांगितले. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले आहे. ती घरच्या कंपोस्टच्या पिंपात टाकली, तर काही महिन्यांनीही तशीच आहे. ही फसवणूक आहे का?

उत्तर : फसवणूक असेलच असे नाही. ‘विघटनशील’ आणि ‘कंपोस्टेबल’ हे शब्द बाजारात एकाच अर्थाने फिरतात, पण त्यांत फरक आहे. काळाच्या ओघात सूक्ष्मजीवांमुळे जे मोडते ते विघटनशील; त्याला किती काळ लागेल, हे त्या शब्दात अंतर्भूत नाही. कंपोस्टेबल पिशवी मात्र भारतीय मानक आयएस/आयएसओ १७०८८ नुसार तपासलेली असावी लागते आणि ती तपासणी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातल्या परिस्थितीसाठी असते. तिथे ढिगाचे तापमान सहज ५० अंशांच्या वर टिकवले जाते. गच्चीवरच्या पिंपात ते होत नाही. म्हणून पिशवी तशीच राहिली.

विक्रेत्याच्या बोलण्यावर मात्र विसंबू नका. राज्यातील प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची असून तिचा आधार महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ हा आहे. कंपोस्टेबल म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीवर उत्पादकाचे नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असावा लागतो. नुसते हिरव्या रंगात पान काढलेले असेल, तर ती साधी प्लास्टिकची पिशवी समजावी. आणि खरोखर कंपोस्टेबल असलेली पिशवीही सुक्या कचऱ्यातल्या प्लास्टिकमध्ये टाकू नये, कारण ती पुनर्चक्रणाचा माल बिघडवते.

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात आमच्या गावालगतच्या जमिनीच्या सरकारी नोंदीत ‘झुडपी जंगल’ असे लिहिले आहे. तिथे चार झुडपे आहेत आणि बाकी माळ आहे. हे वन आहे का? ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ यांत तरी काय भेद आहे?

उत्तर : जमिनीवर किती झाडे दिसतात, यावर या प्रश्नाचे उत्तर अवलंबून नाही, आणि हेच सर्वसामान्य माणसाला कोड्यात टाकते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात असा आदेश दिला, की ‘वन’ या शब्दाचा अर्थ कोशात दिलेल्या अर्थाप्रमाणे घ्यावा आणि मालकी कुणाचीही असली तरी सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेले क्षेत्रही वन धरावे. तेव्हापासून नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झुडपी जंगलाचा पेच अधिकच घट्ट झाला, कारण या जमिनींवर दरम्यानच्या काळात शाळा, सरकारी कार्यालये, घरे, स्मशानभूमी उभ्या राहिलेल्या होत्या. विरळ झुडपांच्या या जमिनी मुळात मुख्यतः गुरे चारण्यासाठी वापरात होत्या.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे १९९६ च्या आदेशाच्या अर्थाने वनच आहे, असा निर्वाळा दिला. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी, त्या वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्याकरिता राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असा मार्ग अपवाद म्हणून ठेवला. आपल्या गावालगतची जमीन पडीक माळ असेल आणि तिचे कधी वाटप झालेले नसेल, तर ती वन आहे असे धरूनच चालावे. ‘झाडे नाहीत म्हणून जंगल नाही’ हा युक्तिवाद तिथे टिकणार नाही. माळरानावर वाढणारे गवत, त्यावर जगणारे पक्षी व प्राणी आणि गावची गुरे यांच्या दृष्टीने पाहिले, तर तो टिकूही नये, असे आमचे मत आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात एक गंमत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे राखीव वनात ज्याला परवानगी दिली आहे तेवढेच करता येते, बाकी सर्व मना. संरक्षित वनात ज्याला मनाई केली आहे तेवढे सोडून बाकी करता येते. म्हणजे ‘संरक्षित’ वनाला ‘राखीव’ वनापेक्षा कमी संरक्षण आहे. नावावरून उलटा समज होतो आणि ग्रामसभेच्या ठरावांत ‘आमचे जंगल संरक्षित करावे’ अशी मागणी केलेली दिसते, तेव्हा ठराव करणाऱ्यांना नेमके काय हवे आहे, हे एकदा त्यांनाच विचारावेसे वाटते.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात एका प्रकल्पाची ‘पर्यावरणविषयक लोकसुनावणी’ आहे. गावाने एकमताने विरोधाचा ठराव केला आहे. सुनावणीत बहुमत विरोधात गेले, तर प्रकल्प रद्द होतो ना? आणि ‘ना हरकत’, ‘मंजुरी’, ‘संमती’ हे सगळे एकच आहे का?

उत्तर : सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ही सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी, किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी, तिचे अध्यक्षपद भूषवतो. गणसंख्येची अट नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी पूर्ण होते. म्हणून बहिष्कार टाकण्याआधी दहादा विचार करावा. तिथे जे बोलले जाते ते इतिवृत्तात येते, इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते, आणि प्रकल्पाच्या अंतिम अहवालात प्रत्येक आक्षेपाचे उत्तर देणे प्रवर्तकावर बंधनकारक असते. मंजुरी द्यायची की नाही, हे नंतर तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून ठरते, आणि नाकारल्यास किंवा दिल्यास राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागता येते. तेव्हा इतिवृत्तात आपला आक्षेप कोणत्या शब्दांत उतरतो, हाच पुढच्या सगळ्याचा पाया असतो.

‘आमचा विरोध आहे’ एवढेच वाक्य इतिवृत्तात ‘काही ग्रामस्थांनी विरोध दर्शवला’ असे होऊन बसते. त्याऐवजी मसुदा अहवाल हातात घेऊन बोलावे. या अहवालाला काही ठिकाणी ‘पर्यावरणीय आघात मूल्यांकन’ तर काही ठिकाणी ‘पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन’ म्हणतात, दोन्ही एकच. सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी नोटीस प्रसिद्ध व्हावी लागते आणि अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी पाहायला मिळाव्या लागतात. अहवालाचा सारांश मराठीत असणे आवश्यक आहे. तो मागून घ्यावा. ‘अहवालात आमच्या वाडीच्या पऱ्ह्याचा उल्लेख नाही, तो मार्च अखेरपर्यंत वाहतो आणि वाडीतल्या विहिरी त्यावर अवलंबून आहेत’ असे वाक्य आले, की त्याला उत्तर द्यावेच लागते. मच्छीमारांनी कोणत्या खाडीत कोणत्या महिन्यांत काय मिळते, ते सांगावे. आंबा-काजू बागायतदारांनी मोहराचा काळ सांगावा. अहवाल अनेकदा एकाच ऋतूतल्या निरीक्षणांवर बेतलेला असतो, आणि वर्षभराची माहिती गावापाशीच असते.

भाषेचा हक्क हाही फुकाचा विषय नाही. २००६ च्या अधिसूचनेची जागा घेणारा मसुदा केंद्राने मार्च २०२० मध्ये इंग्रजी व हिंदीत प्रसिद्ध केला, तेव्हा तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ३० जून रोजी दिला होता.

राहिले तीन शब्द. ‘पर्यावरण मंजुरी’ ही २००६ च्या अधिसूचनेखाली, बांधकाम सुरू होण्यापूर्वी घ्यायची असते. ‘संमती’ ही जल व वायू अधिनियमांखाली राज्य मंडळाकडून घेतात : एक उद्योग उभारण्यासाठीची (पर्यावरण मंजुरी मिळालेल्या उद्योगांना ती २०२४ पासून वेगळी लागत नाही) आणि एक चालवण्यासाठीची. संमतीपत्रात किती पाणी, किती सांडपाणी, त्याची बीओडी-सीओडी किती, धुराड्याची उंची किती, या अटी लिहिलेल्या असतात, आणि उद्योग सुरू झाल्यावर तक्रार करायची तर हेच पत्र हाताशी हवे. ‘ना हरकत’ हे ग्रामपंचायतीचे वेगळे पत्र; ते दिले म्हणजे पुढच्या कुठल्याही आक्षेपाचा हक्क गेला, असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. संमतीपत्रावर उद्योगाचा प्रवर्गही असतो : लाल, नारिंगी, हिरवा इत्यादी. हिरवा प्रवर्ग म्हणजे पर्यावरणस्नेही नव्हे; प्रदूषणाची क्षमता लाल व नारिंगीपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ.

प्रश्न : साताऱ्यात लग्नसराईत आणि मिरवणुकांत आवाजाचा अतिरेक होतो. पोलिसांना कळवले तर ‘किती डेसिबल?’ असे विचारतात. सामान्य माणसाने काय सांगावे?

उत्तर : निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या १०० मीटर परिसरातील शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मोबाइलवरच्या मोजणीला पुराव्याची किंमत नाही. पण आकडा सांगणे ही आपली जबाबदारीही नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजत असेल तर वेळेचा भंग एवढेच तक्रारीला पुरेसे आहे. ठिकाण, वेळ, ध्वनिक्षेपक की वाद्य, आणि जवळ रुग्णालय असल्यास त्याचे अंतर सांगावे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. तो दिवस त्यांपैकी आहे का, ते आधी पाहून घ्यावे. ‘दहा डेसिबलने काय होते?’ असे कुणी म्हणाले, तर ही मोजणी साध्या बेरजेची नाही, हे सांगावे : दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट.

जाता जाता एक माहिती : १९८७ च्या दुरुस्तीनंतर वायू अधिनियमातील ‘हवेचा प्रदूषक’ या व्याख्येत ध्वनीचाही समावेश आहे.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. मुलांच्या निबंधांत ‘ओझोनला भोक पडल्यामुळे तापमानवाढ होते’ हे वाक्य हमखास असते. शिवाय ‘हवामान’ हा शब्द रोजच्या पावसासाठीही आणि ‘हवामान बदला’साठीही येतो. मुलांना कसे समजवावे?

उत्तर : ही दोन संकटे वेगळी आहेत, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ झाले. रेफ्रिजरेटर, फवारे यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे उंचावरचा ओझोनचा थर विरळ झाला आणि त्यामुळे जास्त अतिनील किरणे जमिनीपर्यंत येऊ लागली. त्यावर १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि थर आता हळूहळू सावरतो आहे. तापमानवाढ ही मुख्यतः कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, तसेच मिथेनसारख्या वायूंमुळे होते. हे वायू जमिनीतून परत जाणारी उष्णता अडवून धरतात. ती सावरलेली नाही.

‘हवामान’ हा शब्द दोन्ही अर्थांनी रूढ आहे आणि तो बदलण्याचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. उद्या पाऊस पडेल का, हे रोजचे हवामान. तीस-तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी काढून जे दिसते, त्यातला फरक म्हणजे हवामान बदल. मुलांकडून आजी-आजोबांना विचारून गावातल्या जुन्या पावसाची माहिती गोळा करवून घेता येईल, पण आठवणी आणि नोंदी या वेगळ्या असतात, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे. तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद तहसील कार्यालयात किंवा कृषी विभागाकडे मिळते. आणि वरच्या वर्गातल्या मुलांना एवढे जरूर विचारावे, की उंचावरचा ओझोन हवाहवासा असताना हवा गुणवत्ता निर्देशांकातल्या आठ प्रदूषकांत ओझोनचे नाव कसे काय. उत्तर असे, की तोच वायू जमिनीलगत, वाहनांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडून तयार झाला, की फुप्फुसांना इजा करतो.